मरीन ड्राइव्हवर इंद्रधनुष्य का दिसत नाही?

चर्चगेटकर: जुलैत ऑफिस सुटलं की कठड्यावर बसतो. ऊन-पाऊस एकदम असतो, तरी समुद्रावर कमान कधीच नाही. मुलुंडची बहीण मात्र फोटो पाठवून जळवते. तिकडे काय वेगळा पाऊस पडतो?

गच्चीवाली मावशी: अरे, पाठ फिरव की! संध्याकाळी सूर्य समुद्राकडे, म्हणजे कमान बरोबर तुझ्या मागे, पूर्वेला. तिथे तुझ्या नशिबी इमारती. आम्हा मुलुंडकरांना गच्चीवरून पूर्वेला ऐरोलीच्या खाडीपर्यंत मोकळं आभाळ.

थेंबात शिरलेला प्रकाश वाकतो, आत एकदा परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. लाल रंग सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बिंदूपासून सुमारे 42 अंशांवर दिसतो. सूर्य जितका वर, तितका हा बिंदू क्षितिजाखाली. म्हणून सूर्य 42 अंशांहून वर असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला अख्खी कमान क्षितिजाखालीच. जुलैत इथे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, तेव्हा चारच्या आधी मान दुखवून घेऊ नकोस.

चर्चगेटकर: मग समुद्रावर कधी?

गच्चीवाली मावशी: सकाळी. पण तू तेव्हा लोकलमध्ये लटकलेला असशील.

डोंबिवली फास्ट: मावशी, दुसरी फिकट कमान?

गच्चीवाली मावशी: आत दोनदा परावर्तन. ती 51 अंशांच्या आसपास, रंग उलटे. दोन्हींमधलं आभाळ जरा काळपट असतं, तेही बघ.