चार बदामांवर चार इस्पिक बोलावे का?

प्रश्न: मॅचपॉइंटच्या (त्याच पानांवर इतर जोड्यांपेक्षा चांगला निकाल आला की गुण मिळतात अशा) डुप्लिकेट ब्रिजमध्ये, म्हणजे तीच पाने अनेक टेबलांवर खेळली जातात त्या प्रकारात, प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल होते (म्हणजे त्यांना बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त), आम्ही नव्हतो. डावीकडून एक बदाम, जोडीदाराचे एक इस्पिक, उजवीकडून थेट चार बदाम (बदाम हुकूम ठेवून दहा हात करण्याची बोली) अशी बोली झाली. माझ्याकडे इस्पिक राणी-10-8-6-3, बदामाचे एकच पान, चौकटची चार फुटकळ पाने आणि किलवर राजा-8-5 होते. चार इस्पिक बोलावे का?

उत्तर 1: अवश्य. जोडीदाराची पाच इस्पिके धरली तर प्रतिस्पर्ध्यांकडे तीनच उरतात, त्यामुळे बचावात त्या रंगाचे एक-दोनपेक्षा अधिक हात मिळणे कठीण. प्रतिस्पर्ध्यांनी डबल (दंड वाढवणारी बोली) दिले आणि तीन हात कमी पडले तरी 500 गुण जातात. त्यांचे चार बदाम झाले तर 620.

उत्तर 2: हिशेब बरोबर, पण चार बदाम होणार असतील तरच. सांघिक सामन्यात, दुसऱ्या टेबलावर चार बदामच खेळले गेले असतील, तर असा त्याग (जास्त नुकसान टाळण्यासाठी जाणूनबुजून बुडणारी बोली) 120 गुणांचे 3 आयएमपी (दोन टेबलांवरील गुणांच्या फरकावरून मिळणारे सांघिक गुण) मिळवून देतो; मात्र ते एका हाताने बुडणार असतील तर 600 गुणांच्या फरकाने 12 आयएमपी जातात. तेथे मी पासच म्हणेन.

प्रश्नकर्ता: आणि ते पाच बदामांवर गेले तर?

उत्तर 1: मग निमूटपणे पास म्हणावे. उतारी (पहिले पान टाकणे) जोडीदाराची आहे, आणि अकरा हात करताना त्यांना तुमचा किलवरचा राजा नडू शकतो.