बेसचा खोका : आधी लिटर, मग लाकूड

'बेस गिटारच्या बारा इंची स्पीकरला खोका केवढा घ्यायचा आणि एमडीएफ चालेल का?' असं एकाने विचारलंय. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आवाजाला वाईट नाही, पण जड. आणि ठाण्याच्या पावसाळ्यात कडांनी पाणी पितो. माझ्या पहिल्या खोक्याचे कोपरे दुसऱ्याच जुलैत फुगले. १८ मिमी प्लाय घ्या, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही लावा, आत एक आडवी पट्टी द्या.

माप मात्र अंदाजपंचे नको. ड्रायव्हरच्या, म्हणजे आत बसवायच्या स्पीकरच्या, माहितीपत्रकात एफएस (त्याची नैसर्गिक कंपनसंख्या), क्यूटीएस (त्याचं कंपन किती आवरलं जातं), व्हीएएस (त्याच्या लवचिकतेइतकी हवा, लिटरमध्ये) असे आकडे असतात. त्यांवरून खोका आतून किती लिटरचा हवा ते आणि पोर्टची (हवा आत-बाहेर व्हायला ठेवलेल्या नळीची) लांबी निघते. चार तारांच्या बेसची मोकळी ई (सगळ्यात जाड तार, न दाबता) म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ. पोर्ट ५० हर्ट्झला जुळवलात तर त्याखालच्या सुरांना कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही, तो नुसता फडफडतो. पहिलाच प्रयत्न असेल तर सीलबंद (पोर्ट नसलेला) खोका करा, मापातल्या बारीकसारीक चुका पोटात घालतो.

दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, अ‍ॅम्पला ते झेपतं का बघा. आणि खाली जाड रबरी पाय लावाच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना ई ऐकू येत नाही, भांड्यांतून कळते.