नाचणाऱ्यांना पाणी, खाऊ आणि रांगेचं नियोजन : तुमचे अनुभव लिहा

नागाळा पार्ककर

घटस्थापना जवळ आली की आमच्या कोल्हापुरातल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर गाणी, घागरे आणि ढोलवाला यांची चर्चा रंगते. खाण्यापिण्याचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि "करू की काहीतरी" यावर संपतो. खरं तर कार्यक्रम जमला की नाही हे निम्मं तिथंच ठरतं. तासभर रिंगणात फिरून आलेल्या माणसाला घोटभर पाण्यासाठी ताटकळावं लागलं, तर तो परत नाचायला जात नाही, चप्पल घालून घरी जातो. हे बघून मला फार वाईट वाटतं.

म्हणून हा धागा. गरबा-दांडिया, कोजागिरी, मंगळागौर, झिम्मा-फुगडी, हल्ली शहरात सुरू झालेले साल्सासारखे जोडीचे नाच, यांत कुठंही तुम्ही वाढायला, पाणी द्यायला, रांग सांभाळायला उभे राहिला असाल तर लिहा. काय वाढलं याहून कसं वाढलं, किती माणसांना किती लागलं, रांग कुठं अडली आणि कशी सुटली, ते हवं आहे. मंडळांची नावं नकोत.

कॅन्टीनवाला, शिरोली

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या कॅन्टीनवर सुपरवायझर आहे. भट्टीवरची माणसं सुट्टीची बेल झाली की एकदम येतात, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांचं खाणं उरकून ती जागेवर परत गेली पाहिजेत. आमच्या कॉलनीच्या दांडियात ब्रेक होतो तेव्हा हेच असतं. चारशे माणसं आणि वीस मिनिटं.

आधी हिशेब करा. पिंपाच्या नळातून एक ग्लास भरायला दहा सेकंद धरा. म्हणजे एका नळावर मिनिटाला ६, वीस मिनिटांत १२०. चारशे जणांना चार नळ लागले, तेही कुणी मध्ये बोलत थांबलं नाही तर. त्यापेक्षा ब्रेकच्या आधी दहा मिनिटं ग्लास भरून टेबलावर मांडून ठेवा. उचलायला दोन सेकंद लागतात. पाणी किती? पाव लिटरचा ग्लास, माणशी तीन. चारशे जणांचे १२०० ग्लास, म्हणजे ३०० लिटर. २० लिटरचे १५ जार. मी वर दोन-तीन जास्त मागवतो, आणि उन्हाची तिरीप गेल्यावर उतरवून घेतो म्हणजे पाणी तापत नाही.

खाण्याला एकच रांग लावा आणि पुढं चार वाढणारे हात ठेवा. चार टेबलांसमोर चार रांगा केल्या की प्रत्येकाला शेजारची रांग पळतीय असं वाटतं. माणसं इकडून तिकडं उड्या मारतात आणि वाद तिथंच लागतो. काथ्या बांधून एकच नागमोडी रांग करायची, पुढं पोचला की जो हात मोकळा तिकडं जायचं. लांब दिसते खरी, पण सारखी सरकत राहते, आणि सरकणाऱ्या रांगेत माणूस चिडत नाही. पाण्याला मात्र रांग लावायचीच नाही. पाणी मैदानाच्या तीन कोपऱ्यांत ठेवा, खाण्याच्या टेबलापासून लांब. नुसतं पाणी पाहिजे असलेला माणूस वड्याच्या रांगेत उभा दिसला की समजायचं, मांडणी चुकलेली आहे.

सगळ्यात कामाची गोष्ट आता सांगतो. सगळ्यांना एकदम ब्रेक देऊच नका. गरब्यात आत एक, बाहेर एक अशी रिंगणं असतातच. माइकवरून सांगायचं, "आतलं रिंगण खाऊन या, बाहेरचं चालू राहू दे." दोन गाण्यांनी उलट करायचं. ढोल थांबत नाही, गर्दी निम्म्यावर येते. गाणाऱ्याशी हे आधी ठरवून ठेवावं लागतं, कारण ऐन रंगात त्याला थांबवायला गेलं तर तो ऐकत नाही, आणि त्यानं ऐकूही नये.

शेवटच्या अर्ध्या तासाचंही बघा. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. सरकार जे मोजके दिवस ठरवून देतं त्या दिवशीच १२ पर्यंत सूट असते. त्यामुळं दहाला दहा कमी असताना कुणीच टेबलाकडं फिरकत नाही आणि दहा वाजून एक मिनिटानं सगळे येतात. त्या वेळी वाढपी जेवायला गेलेले नसावेत.

रविवार पेठेतली काकू

वरच्या दादांनी रांगेचं छान सांगितलं. मी हातांचं सांगते. दांडिया खेळणाऱ्याच्या हातात दोन टिपऱ्या असतात. मग तो डिश कशी धरणार आणि चमचा कशानं धरणार? काखेत टिपऱ्या धरून पोहे खाणारी मुलं मी बघितली आहेत, निम्मे पोहे खाली. आणि खेळणारे अनवाणी असतात, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही. सांडलेला रस्सा, टाकलेली टूथपिक, कुल्हडची खापरी, सगळं पायात जातं.

म्हणून आम्ही टेबलाच्या अलीकडं टिपऱ्यांसाठी उंच बादल्या ठेवतो, आणि खायला एका हातात मावेल तेच ठेवतो. आपल्याकडचं भडंग याला उत्तम. कोरडं, तिखट, कागदाच्या पुडीत आधी भरून ठेवता येतं, कुठं सांडलं तरी झाडून निघतं. चिरमुरे आदल्या दिवशी आणून उन्हात कडक करायचे, लसूण-शेंगदाण्याची फोडणी सकाळी घालायची, संध्याकाळपर्यंत डबा घट्ट बंद. ओली भेळ मला स्वतःला फार आवडते, पण मैदानावर नको. लगेच मऊ पडते आणि माणूस चमचा मागतो.

उपवासाचं टेबल बघणारी

नवरात्रात उपवासवाल्यांचं टेबल वेगळं पाहिजे, हे आता बहुतेक ठिकाणी कळलं आहे. पण वेगळं म्हणजे नुसती पाटी वेगळी नव्हे. कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा, आणि वाढणारी व्यक्तीही वेगळी. बटाटेवडे तळलेल्या तेलात साबुदाणा वडे तळलेले एका ठिकाणी मी पाहिले. नऊ दिवस कडक उपवास धरलेल्या बाईला ते नंतर कळलं, तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

घरोघरी नियमही वेगळे. कुणाला जिरं चालतं, कुणाला नाही. कोथिंबिरीचं तसंच. वाद घालण्यात अर्थ नाही. एका पाटीवर पदार्थात काय काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा : शेंगदाणे, जिरं, मिरची, तूप. ज्याचं तो ठरवतो आणि रांगेत विचारपूस करण्यात जाणारा वेळ वाचतो.

साबुदाण्याची खिचडी गार झाली की तिचा गोळा होतो, म्हणून ती सगळी एकदम करू नये. थोडी थोडी परतायची. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, केळी हे कायम हाताशी असावं. माणसं मोजताना लक्षात ठेवा की उठता-बसता, म्हणजे फक्त पहिल्या दिवशी आणि अष्टमीला, उपवास करणारे खूप असतात. त्या दोन दिवशी या टेबलावर गर्दी दुपटीनं वाढते, मधले दिवस निवांत जातात.

गंगावेशीतला

आमचा दुधाचा धंदा. कोजागिरीला अनेक ठिकाणची ऑर्डर असते, आणि बरेचदा दूध पोचवून मी तिथंच आटवायला थांबतो, कारण दूध चांगलं असून वाढताना वाया गेलेलं मला बघवत नाही.

माप असं. दीडशे मिलिचा कप, तीनशे माणसं, म्हणजे वाढायला ४५ लिटर. आटून पाव भाग कमी होणार, म्हणून ६० लिटर घ्या. म्हशीचं घ्या. साखर लिटरला ८० ग्रॅमच्या आसपास, त्याहून जास्त घातली की नाचून आलेला माणूस कप अर्धा ठेवतो. पातेल्यात आधी तांब्याभर पाणी फिरवून मगच दूध ओता, बुडाला लागत नाही. वेलदोडा आणि जायफळ उतरवताना घाला. केशर थोड्या कोमट दुधात आधी खलून घ्या.

वाढायची भांडी दोन ठेवा. मोठं पातेलं मंद आचेवर राहू दे, त्यातून लहान पातेल्यात काढून ओगराळ्यानं कप भरा. रांगेला आचेजवळ आणू नका. पोरं पळत असतात, ओढण्या उडत असतात. गॅस आणि रांग यांच्यात किमान एक टेबल आडवं पाहिजे. दूध गरम राहिलं पाहिजे, ६० अंशांच्या वर. कोमट होऊन तासन्‌तास पडलेलं दूध देऊ नये, मग ते कितीही उरलेलं असो. आणि कडी असलेले स्टीलचे कप मिळाले तर बघा, कारण नुसत्या स्टीलच्या ग्लासानं बोटं भाजतात आणि माणूस तिथंच उभा राहून फुंकर मारतो. मागची रांग तुंबते ती यानंच.

आमच्या गल्लीत दहाला स्पीकर बंद झाला की बायका बिनमाइकचा झिम्मा धरतात. दूध तेव्हा वाढतो. घाई नसते, चंद्रही वर आलेला असतो. मला विचाराल तर कोजागिरीला दूध नाचाच्या मध्ये वाढूच नये. पोटात दूध घेऊन फुगडी घालता येत नाही.

पेठेतली सून

फुगडीचं निघालंच आहे म्हणून लिहितो. आमच्या पेठेत गौरी-गणपतीच्या दिवसांत झिम्मा-फुगडी जोरात असते. मी खेळतोही आणि वाढतोही. आमच्या सासूबाई पाण्याच्या पिंपाजवळ बसायच्या, आता मी बसतो.

त्यांनी घालून दिलेली रीत अशी : खेळाआधी पोटभर नको, खेळ चालू असताना फक्त घोटभर पाणी आणि गुळाचा खडा, आणि जेवण खेळ संपल्यावर अर्ध्या तासानं. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून खडे आधीच परातीत काढून ठेवतो, वर ओलं फडकं नाही, कोरडंच. फुगडीतून सुटलेल्या बाईला लगेच रांगेत उभं करू नये. चक्कर असते. तिला आधी सतरंजीवर बसवायचं, पाणी तिथं नेऊन द्यायचं. दोन पोरी फक्त तांब्या-भांडं घेऊन सतरंजीभोवती फिरतात, दुसरं काम त्यांना सांगायचं नाही.

घाम खूप गेला असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळायचं. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं घालू नका, चमच्यानं मोजून घाला.

म्हाताऱ्या बायकांना रांग नको, हे तर सांगायलाच नको. आमच्याकडं आधी त्यांना जागेवर देऊन मग रांग सुरू होते. यावरनं आजवर कुणी तोंड वाकडं केलेलं नाही.

राजारामपुरीतला नाचणारा

आमचा प्रकार जरा निराळा. साल्सा, बचाटा शिकलेली काही मंडळी महिन्यातून एकदा हॉल घेऊन भेटतो. इथं ब्रेक नसतो. गाणं तीन-चार मिनिटांचं, जोडी सुटते, कुणी टेबलाकडं येतं, कुणी पुढच्या गाण्याला उठतं. त्यामुळं रांग अशी लागतच नाही. काळजी वेगळ्याच गोष्टींची घ्यावी लागते.

पहिली फरशीची. पाण्याचे चार थेंब सांडले तरी गिरकी घेताना पाय घसरतो. म्हणून टेबल एकाच भिंतीला, पेला घेऊन नाचाच्या जागेत यायचं नाही, आणि टेबलाखाली कोरडं फडकं कायम. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून नाव लिहायला पेन ठेवतो, नाहीतर तासाभरात सगळ्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या बेवारस होतात. दुसरी गोष्ट खाण्याची. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर नाचायचं असतं, तेव्हा कांदा-लसणाचं काही नको. संत्र्याच्या फोडी, केळ्याचे काप, शेंगदाण्याची चिक्की, सोबत बडीशेप. एवढं पुरतं.

पण मला खरं लिहायचं आहे ते टेबलाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल. ज्यांना कुणी नाचायला विचारत नाही ती माणसं टेबलाशी येऊन थांबतात. दुसऱ्यांदा पाणी पितात, तिसऱ्यांदा पितात. नवीन असतात, बुजतात. म्हणून टेबलावर आम्ही मुद्दाम बोलकं माणूस ठेवतो. त्याचं काम सरबत देणं हे आहेच, पण "तुम्ही कुठल्या बॅचला शिकता? तो बघा तो मोकळा आहे, चला ओळख करून देतो" हेही त्याचंच काम. असं ओळख करून दिलेलं माणूस पुढच्या महिन्यात परत येतं. नुसतं पाणी पिऊन गेलेलं बहुधा येत नाही. आमच्याकडं त्या टेबलावरची ड्यूटी सगळ्यात चांगल्या नाचणाऱ्याला देतात, आणि ती तासाला बदलतात, म्हणजे त्यालाही नाचायला मिळतं.

नागाळा पार्ककर

हे टेबलावरच्या माणसाचं वाचून मी थांबलेच. आमच्या दांडियातही नवीन भाडेकरूंच्या बायका पाण्याजवळच उभ्या असतात. यंदा तिथं अशी एक जण बसवणार.

एक विचारायचं आहे. कूपनचं काय करता? आणि ग्लास धुण्याचं? प्लॅस्टिकचे पेले तर आता बंदच आहेत.

कॅन्टीनवाला, शिरोली

कूपन फक्त विकत द्यायच्या पदार्थाला, आणि ती विकायचं टेबल प्रवेशाजवळ, खाण्यापासून लांब. सुट्टे पैसे आणि गरम वडे एकाच हातात नकोत. रोजचं कूपन वेगळ्या रंगाचं छापा. बाहेरचा स्टॉल लावणार असाल तर त्याची अन्नसुरक्षा नोंदणी आहे का ते आधी बघून घ्या, तात्पुरत्या स्टॉललाही ती लागते.

वसतिगृहातला पोरगा

ग्लास धुण्याचं मी सांगतो, दरवर्षी तेच माझ्याकडं असतं. स्टीलचे ग्लास मंडप-भांडीवाल्याकडून भाड्यानं मिळतात. माणसांच्या दीडपट घ्या, कमी घेतले तर धुण्याची वाट बघत रांग थांबते. तीन टब : पहिल्यात साबणाचं गरम पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात पुन्हा स्वच्छ. दुसऱ्या-तिसऱ्यातलं पाणी गढूळ दिसायच्या आत बदलायचं. धुतलेले ग्लास पुसायचे नाहीत, जाळीच्या क्रेटमध्ये उपडे घालायचे. उष्ट्या ग्लासांचा टब रांगेच्या शेवटी नको, रिंगणात परत जायच्या वाटेवर ठेवा. जाता जाता माणूस आपोआप टाकतो, कुणाला ओरडावं लागत नाही.

धुणारे तिघे पाहिजेत, दोघांत भागत नाही. अष्टमीला अंबाबाईची नगरप्रदक्षिणा असते, आमची निम्मी पोरं तिकडं जातात, म्हणून त्या रात्रीची नावं आठ दिवस आधी लिहून घेतो. नागाळा पार्कला त्या दिवशी हात कमी पडले तर इथं कळवा, वसतिगृहातनं दोघं जण येऊ शकतील.