एकच लामणदिवा तीन जणांना विकला गेला, एकेक नगाचा स्टॉक कसा सांभाळता?

वेंगुर्लेकरीण
नमस्कार मंडळी. मी घरून जुनी पितळी भांडी विकते, समया, तांबे, अडकित्ते, पानाचे डबे, कधी एखादं घंगाळ. गावची घरं बंद होतात, भावंडांच्या वाटण्या होतात आणि उरलेलं मोडीत घालायच्या आधी लोक मला फोन करतात. प्रत्येक वस्तू एकच, दुसरी तशी मिळणार नाही. सध्या १८० च्या आसपास नग आहेत, वेबसाइट वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, पण निम्मी विक्री व्हॉट्सॲपवरच.

गणपतीत गोंधळ झाला. एका लामणदिव्याची साइटवर ऑर्डर आली, त्याच दुपारी पुण्याच्या एका ताईंनी व्हॉट्सॲपवर पैसे भरून स्क्रीनशॉट टाकला, आणि मी पॅक करायला माळ्यावर चढले तर दिवा जागेवरच नाही! आईने सकाळी शेजारच्या चाकरमान्यांना देऊन टाकलेला, पैसे देवघरात वाटीखाली. दोघांची माफी मागून पैसे परत केले.

एक्सेल आहे पण त्यात 'शिल्लक' कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत १, १, १. त्याचा उपयोग काय? सॉफ्टवेअर घ्यावं का?

कणकवलीकर
सॉफ्टवेअर नको, आधी तो शिल्लक कॉलम उडवा. किती आहेत हा तुमचा प्रश्नच नाही, नग कुठल्या अवस्थेत आहे हा आहे. त्या जागी 'स्थिती' ठेवा, ड्रॉपडाऊनमध्ये चारच शब्द: घरात, राखीव, विकला, पाठवला. शीट गूगलवर ठेवा म्हणजे फोनवरून बदलता येईल.

वूकॉमर्समध्ये प्रत्येक नगाला 'मॅनेज स्टॉक' (म्हणजे शिल्लक साइटच मोजते) चालू, क्वांटिटी १, बॅकऑर्डर (माल संपल्यावरही ऑर्डर घेणं) बंद. बरेच जण 'सोल्ड इंडिव्हिज्युअली'वर टिक करून निवांत बसतात, पण त्याचा अर्थ एका ऑर्डरमध्ये एकच नग घेता येईल एवढाच, मॅनेज स्टॉक बंद असेल तर तोच दिवा दहा जण दहा ऑर्डरींत घेतील.

अजून एक, कार्टमध्ये टाकलं म्हणून नग अडत नाही. ऑर्डर झाली आणि पेमेंट अर्धवट राहिलं की 'होल्ड स्टॉक'ची मिनिटं मोजली जातात, मुळात ६० असतात, ती संपली की ऑर्डर रद्द आणि नग परत विक्रीला. पण बँक ट्रान्सफरवाली ऑर्डर 'ऑन होल्ड'ला जाते, तिला ही मिनिटं लागू नाहीत, पैसे आलेच नाहीत तर तुम्हीच रद्द करायची. माझी एक पेटी अशी दीड महिना अडकून पडली होती, गिऱ्हाईक विसरलं आणि मीही.

मालवणी_झील
आवशीक मोबाईल शिकवचो नाद सोड गो, तेच्यापेक्षा एक डबो ठेव.

आमच्याकडे करवंटीच्या वस्तू असतात, दुकान पण आणि ऑनलाइन पण. प्रत्येक नगाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो, तिच्यावर नंबर दोनदा लिहिलेला, एक वर एक खाली. वस्तू कोणालाही दिली की खालचा तुकडा फाडून बिस्किटाच्या डब्यात टाकायचा, पैसे पण त्यातच. बाबा ७४ वर्षांचे, त्यांना तेवढंच सांगितलंय आणि ते चुकत नाहीत, मीच चुकतो. व्हॉट्सॲपवर कोणाला हो म्हणायच्या आधी मी डबा बघतो, मग साइटवर क्वांटिटी ० करतो, मग हो. पावसात लाईट आणि रेंज दोन्ही गेली तरी डबा चालू असतो. शाई मात्र दमटीने पसरते, शिसपेन्सिलीने लिहा.

रत्नांग्री_हिशोब
मी अकाउंटचं काम करतो म्हणून वेगळं सांगतो. शीटमध्ये खरेदी किंमत नगागणिक लिहिताय का? ३१ मार्चला शिल्लक माल दाखवताना अशा एकमेवाद्वितीय वस्तूंना सरासरी किंवा फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरणं) चालत नाही, ज्या नगाची जी किंमत तीच धरायची, अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्ये (शिल्लक मालाची किंमत धरायचा हिशोबाचा नियम) तसंच आहे. एका घरातून ११ भांडी ७ हजारांना उचलली तर त्याच दिवशी ती रक्कम वजनाने किंवा अंदाजे विक्री किमतीच्या प्रमाणात वाटून टाका, मार्चमध्ये काही आठवत नाही. टेम्पोभाडं आणि पॉलिशही त्यात धरा, गिऱ्हाइकाला पाठवायचं कुरिअर नाही.

आणि 'अंदाजे वय' असा एक कॉलम हवाच. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, तिच्या धंद्याला परवाना लागतो आणि ती अशीच परदेशी पाठवता येत नाही. दुबईहून ऑर्डर आली म्हणून हुरळून जाऊ नका.

वेंगुर्लेकरीण
वयाचं डोक्यातच नव्हतं! बरीच भांडी आजीच्या लग्नातली, म्हणजे पन्नास-साठच्या दशकातली, पण दोन समया खूप जुन्या वाटतात, त्या साइटवरून काढून ठेवल्या, आधी चौकशी करते.

चिठ्ठ्या काल रात्री बांधायला घेतल्या, ६० झाल्या. करता करता प्रत्येक नग वजनकाट्यावर ठेवला, तर दोन तांबे जे मी फोटोत एकच समजत होते त्यातला एक ६४० ग्रॅम आणि दुसरा ७१५ निघाला, म्हणजे मागे सांगलीला तसाच दिसणारा तांब्या पाठवला तोही बहुतेक चुकीचा गेलाय 😬 त्यांनी काही कळवलं नाही, मीच फोन करते.

आईला डबा दाखवला. म्हणाली, देवघरातली वाटी काय वाईट होती?