डबलबारीच्या कॅसेटी : फूबार२०००साठी कोणता एन्कोडर ठेवावा?

भजनवेडा, कुडाळ
डबलबारी भजनांच्या जुन्या कॅसेटी मी संगणकावर वेव्ह स्वरूपात उतरवल्या असून, रिक्षातल्या पेनड्राइव्हवर ऐकता याव्यात म्हणून फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमधून त्यांचे एमपी३ करीत आहे. जुन्या संगणकावरची लेम या एन्कोडरची (एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल दाखवली की रूपांतर होते, पण १२८ केबीपीएस बिटरेटला (दर सेकंदाला १२८ किलोबिट) झांज फिसकटल्यासारखी वाजते. एन्कोडर अद्ययावत करावा, की एमपी३ऐवजी ओपस या ध्वनिस्वरूपाकडे वळावे? त्यासाठी प्लेअर पुन्हा बसवावा लागेल का?

सागरतीर, मालवण
प्लेअरला हात लावण्याची गरज नाही. फूबार२००० एमपी३ स्वतः तयार करीत नाही. ते काम लेम नावाच्या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे सोपवते. त्यामुळे त्याच जागी नवी फाइल ठेवली की काम झाले. लेमचा प्रकल्प फक्त मूळ कोड देतो, तयार फाइल देत नाही. म्हणून ती कुठल्याही संकेतस्थळावरून न उचलता फूबारच्याच संकेतस्थळावरचा मोफत एन्कोडर संच घ्यावा. लेमची ३.१०० ही आवृत्ती २०१७ची असली, तरी तेवढ्यावरून तिला जुनाट समजू नये.

रत्नागिरीकर
माझ्या मते खरा दोष आवृत्तीपेक्षा १२८ या आकड्यात आहे. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकातला तपशील कमी करते. झांजेचा ठोका तुकड्याच्या मध्येच पडला, तर त्या काटछाटीचा गोंगाट ठोक्याच्या आधीच्या शांततेतही पसरतो. पखवाजापेक्षा झांजेत हे चटकन कानाला खुपते. बदलत्या बिटरेटचा व्ही२ पर्याय निवडा. सरासरी १९०च्या आसपास जाते आणि अवघड जागी जास्त बिट मिळतात. २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस कमी बिटरेटला निःसंशय सरस आहे, पण रिक्षातल्या स्वस्त स्टिरिओंपैकी बहुतेकांना तो वाजवता येत नाही, आणि श्रोते तिथे असतील तर वाद संपलाच.

भजनवेडा, कुडाळ
आभारी आहे. आधी केलेले १२८चे एमपी३ नव्या लेममधून पुन्हा काढले तर सुधारतील का?

सागरतीर, मालवण
नाही, गेलेला तपशील परत येत नाही. उलट दुसऱ्यांदा काटछाट होईल. नवे एमपी३ मूळ वेव्हवरूनच काढा, आणि त्या वेव्ह फाइली पुसण्याआधी फ्लॅक या आवळलेल्या स्वरूपात ठेवा. त्यात काहीही गमावत नाही, मात्र कॅसेटची खरखर नीट आवळली जात नसल्याने जागा फार वाचेल अशी अपेक्षा ठेवू नका.