विषय: क्विकस्टेपमध्ये चार पावलांनंतर ताल निसटतो

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आम्ही उभयता सध्या वेंगुर्ल्याला घरी आलो आहोत आणि मंडळाच्या स्नेहसंमेलनात क्विकस्टेप हा जोडीने करावयाचा जलद पाश्चात्त्य नृत्यप्रकार सादर करावयाचा असल्यामुळे येथेच सराव करीत आहोत. पहिली चार पावले संगीताबरोबर पडतात, परंतु पुढे आम्ही मागे राहतो की धावतो, हेच उमगत नाही. पावसामुळे पडवीतील फरशी दमट असते. तेव्हा उघडीप मिळाल्यावर किनाऱ्यावर सराव केल्यास चालेल काय, हे मालवणच्या काकूंनी कृपया कळवावे.

आपला नम्र,
एक सभासद

उत्तर:

उभयतांस सप्रेम नमस्कार.

तुमची अडचण पायांच्या चपळाईची नसून मोजणीची आहे. क्विकस्टेपचे संगीत चार मात्रांचे असते आणि स्पर्धेत ते मिनिटाला सुमारे ५० आवर्तने, म्हणजे २०० मात्रा, अशा गतीने वाजते. ‘स्लो’ पावलाला दोन मात्रा मिळतात, ‘क्विक’ला एक. क्वार्टर टर्नची, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या वळणाची, चार पावले स्लो, क्विक, क्विक, स्लो अशी असल्याने त्यांच्या मात्रा सहा होतात. साहजिकच पुढचा प्रोग्रेसिव्ह शासे, म्हणजे पाय जुळवत बाजूला सरकण्याची पावले, समेवर नव्हे, तर दुसऱ्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर सुरू होतो. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यातली, भजने ऐकत वाढलेला आपला कान मात्र दर वेळी समेची वाट पाहतो, आणि तुम्ही अडखळता ते नेमके तेथे. शासेच्याही सहा मात्रा धरल्या की बारा होतात, तीन आवर्तने भरतात आणि त्यापुढचे पाऊल पुन्हा समेवर येते. हे आधी बसून, तोंडाने मोजत आणि हाताने टाळी देत पक्के करावे. ते अंगात भिनल्याशिवाय उभे राहण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर हीच पावले स्लो फॉक्सट्रॉटच्या संगीतावर करा. त्याची गती मिनिटाला तिसेक आवर्तनांची असते, आणि १९२० च्या दशकात वाद्यवृंद फॉक्सट्रॉट अधिकाधिक जलद वाजवू लागले त्यातूनच क्विकस्टेप आकाराला आला असल्यामुळे ही जोडी मुळीच विजोड वाटत नाही. पाऊल लहान ठेवा. पुढे जाणारे पहिले ‘स्लो’ टाचेवर घ्यावे, दोन्ही ‘क्विक’ चवड्यांवर, आणि शेवटच्या ‘स्लो’ला टाच अलगद टेकवावी. दुसऱ्या ‘क्विक’वर पाय पूर्ण जुळलेच पाहिजेत, ते अर्धवट जुळले की पुढचे पाऊल आपोआप लांबते आणि उशीर होतो. पाहणाऱ्याला जो उसळता आनंद दिसतो, तो या जुळणीतून येतो, उड्या मारून नव्हे.

किनाऱ्यावर मुळीच जाऊ नका. ओली वाळू पाय धरून ठेवते आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. पडवीच बरी, फरशी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. नाचाच्या बुटांचे मऊ चामड्याचे तळ ओलाव्याने निकामी होतात, म्हणून ते अंगणात घालू नयेत. पडवी लांबट असल्याने क्वार्टर टर्न, शासे आणि फॉरवर्ड लॉक (पुढे जाताना एक पाय दुसऱ्यामागे अडकवून घेण्याची पावले) हा क्रम तेथे छान बसेल, आणि लॉकच्याही मात्रा सहाच असतात. कोपऱ्यावर नॅचरल टर्न, म्हणजे उजवीकडचे वळण, लागतो, परंतु तो सध्या बाजूला ठेवून कोपऱ्याशी थांबावे आणि उलट दिशेने नव्याने सुरुवात करावी.

सूनबाईंनाही मोजणी मोठ्याने म्हणू द्यावी. दोघांपैकी कोण आधी चुकते, ते त्यातूनच कळेल.

तुमची काकू,
मालवण