गाई खोड्यात शिरत नाहीत, मदत हवी आहे

भीमाकाठ: परवा लाळ्या-खुरकूतची लस द्यायला डॉक्टर येणार. नवा लोखंडी खोडा, म्हणजे लस टोचताना गाय अडकवून धरायचा पिंजरा, बसवलाय, पण गाई तोंडाशी येऊन ठप्प. मान खाली घालून फुसफुसतात, मागे सरतात. लवकर सांगा.

सांगोला_खिलार: जर्शी असतील. आमचं खिलार नुसत्या हाकेवर चालतं.

भीमाकाठ: होल्स्टीन संकर. प्रश्न खोड्याचा आहे, जातीचा नाही.

निवृत्त_पशुवैद्य: आत शिरताना तोंड कुठल्या दिशेला? किती वाजता घेता? वर पत्रा की शेडनेट? खाली काय?

बार्शीकर: वेसण घाला, पुढून कासरा ओढा. विषय संपला.

निवृत्त_पशुवैद्य: पुढून ओढणारा वाटेतच उभा असतो, गाय त्यालाच बुजते.

भीमाकाठ: पूर्वेला. सकाळी सातला, धारा झाल्यावर. वर नेट, कडेला फाटून चिंध्या लोंबतात. तोंडाशी नालीवर लोखंडी जाळी. याचा काय संबंध?

निवृत्त_पशुवैद्य: सगळा संबंध. गाईला आजूबाजूचं जवळजवळ ३३० अंश दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसते ती समोरची चिंचोळी पट्टीच, आणि खोलीचा नीट अंदाज तिथेच येतो. सावलीचा काळा पट्टा की खड्डा, हे बघायला तिला थांबून मान खाली घालावी लागते. तुमची तेच करतेय. त्यात सातचं ऊन थेट डोळ्यांत. उन्हं कलल्यावर घ्या, जाळी मातीने झाका, चिंध्या कापा. कडेला ताडपत्री बांधा, पण ताणून. फडफडली तर उलटंच होईल. अगदी शेपटीमागे उभं राहू नका, तिथलं तिला दिसत नाही. खांद्याच्या जरा मागे, बाजूला राहा, पुढे सरेल. आधी वाकून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून स्वतः बघा. जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिनबाई हेच सांगत आल्यात.

माढा_दूध: खोडा लाल रंगवलाय का? लाल बघून बिथरतात.

निवृत्त_पशुवैद्य: लाल-हिरवं गाईला धड वेगळं कळत नाही. रंग राहू द्या.

बार्शीकर: अमेरिकेतल्या बाईला मोहोळचं ऊन काय माहीत?

माढा_दूध: बरं, खोड्याला अनुदान मिळतं का?

भीमाकाठ: माती टाकली, चिंध्या काढल्या, पाचला घेतल्या. म्होरकी गेली, मागोमाग बाकीच्या. एक कालवड अजून अडतेय.

निवृत्त_पशुवैद्य: तिला शेवटी एकटी ठेवू नका, दोन गाईंच्या मध्ये घाला.

बार्शीकर: वेसण असती तर एव्हाना आत असती.

माढा_दूध: अनुदानाचं कुणी सांगेल का?